सिल्की कोंबडी पाळायची आहे? पिल्लं घेण्याआधी हा हिशोब वाचा



कोंबडीपालनावरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, ती कापसासारखी पांढरी कोंबडी कुठे मिळेल? तिचा धंदा चालेल का?"

ती कोंबडी म्हणजे सिल्की. दिसायला इतकी गोंडस की पाहणारा आधी फोटो काढतो आणि मग भाव विचारतो. भाव ऐकला की पुढच्या माणसाच्या डोक्यात गुणाकार सुरू होतो. दहा पिल्लं घेतली, त्यांची शंभर झाली, शंभर गुणिले इतके रुपये... इथेच गडबड होते. म्हणून आज आधी पक्षी समजून घेऊ आणि मग धंद्यावर येऊ.

एका ताईंची गोष्ट

आमच्या एका बॅचमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एक ताई होत्या. त्यांनी पक्षी बाजारातून आठवड्याभराची दहा पिल्लं आणली होती. विकणाऱ्याने "पाच जोड्या" म्हणून दिली आणि जोडीचा भाव लावला. सहा महिने ताईंनी जीव लावून सांभाळली. दोन पिल्लं गेली. उरलेल्या आठात निघाले सहा कोंबडे आणि दोन कोंबड्या. त्या दोघींतल्या एकीचे पंखही साध्या कोंबडीसारखे निघाले.

ताई म्हणाल्या, "मला फसवलं." मी म्हटलं, "ताई, फसवलं हे खरं. पण आठवड्याच्या सिल्कीत नर-मादी नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. एवढं एक वाक्य तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही जोडीचा भाव दिलाच नसता."

या लेखात अशीच वाक्यं आहेत. लिहून ठेवा.

सिल्की ओळखायची कशी?

सिल्की मूळची चीनकडची. तिथे काळ्या हाडांची कोंबडी म्हणून ती शेकडो वर्षांपासून ओळखीची आहे. अमेरिकेत १८७४ मध्ये तिला शोभेच्या कोंबड्यांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. म्हणजे ही काही कालपरवा तयार केलेली नवी जात नाही.

खरी सिल्की पाच खुणांवर ओळखा:

१. पिसं मऊ, लोकरीसारखी. साध्या पिसाच्या काड्यांना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पीस घट्ट राहतं. सिल्कीच्या पिसात ते आकडे नसतात, म्हणून पीस मोकळं राहतं.

२. कातडी काळपट-निळसर आणि हाडं काळी. पिसं पांढरी असली तरी आतून ती काळीच.

३. पायाला पाच बोटं. साध्या कोंबडीला चार असतात. पाचवं बोट मागच्या बाजूला वर वळलेलं दिसतं.

४. डोक्यावर पिसांचा झुबका आणि पायांवरही पिसं.

५. तुरा बसका, अक्रोडासारखा. कानाची पाळी बऱ्याचदा निळसर.

आता महत्त्वाचं. अगदी लहान पिल्लू कुठल्याही जातीचं असो, ते लवीचंच असतं, त्यामुळे मऊपणावर जाऊ नका. बोटं मोजा आणि पोटाकडची कातडी बघा. पण एवढ्यावरही थांबू नका. सिल्कीचा आणि गावरानचा संकर केला तर पिल्लाला पाच बोटं आणि काळपट कातडी येऊ शकते, पण पिसं मात्र साधी येतात, कारण मऊ पिसाचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. ताईंच्या एका कोंबडीचं हेच झालं होतं. म्हणून शक्य असेल तर पिल्लांचे आई-बाप डोळ्यांनी बघा, किंवा पंखावर पिसं फुटलेली तीन-चार आठवड्यांची पिल्लं घ्या.

आणि हो, गुलाबी किंवा हिरवी सिल्की नसते. तो लावलेला रंग असतो.

प्रकार किती?

चेहऱ्यावरून दोन प्रकार: दाढीवाली आणि बिनदाढीची. दाढीवालीच्या गालांवर आणि चोचीखाली पिसांचा गुच्छ असतो.

रंग अनेक आहेत: पांढरा, काळा, बदामी, निळा (म्हणजे निळसर राखाडी), करडा, तित्तिरासारखा नक्षीदार आणि फिक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे असलेला स्प्लॅश. आपल्याकडे सर्रास दिसते ती पांढरी. पांढरी म्हणून घेतलेली पिल्लं लहानपणी पिवळसर दिसली तर घाबरू नका.

निळ्या रंगाचा हिशोब मात्र लक्षात ठेवा. निळा नर आणि निळी मादी ठेवली तर सगळी पिल्लं निळी होत नाहीत. सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश येतात. उलट काळा आणि स्प्लॅश अशी जोडी लावली तर सगळी निळी येतात. पैदाशीला बसवणाऱ्याला हे माहीत नसेल तर गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडतो.

पिल्लांचे पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करत जा. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, जुना पिवळा बल्ब किंवा ब्रूडरचा बल्ब लावा.

थर्मामीटर असेल तर उत्तमच, पण पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कडेला पळत असतील तर उकडतं आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर बरोबर आहे. रात्री झोपण्याआधी एकदा हे बघायचंच. सिल्की मोठी झाली तरी दांडीवर उडून बसत नाही, कोपऱ्यात ढीग करून झोपते. त्या ढिगात खालचं पिल्लू गुदमरतं, म्हणून कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घ्या.

पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात स्वच्छ गोटे टाका. सिल्की भिजली की संपलं. तिच्या पिसावरून पाणी ओघळत नाही, आत मुरतं. कोकणातल्या पावसात उघड्यावर सोडली तर थंडीने आजारी पडते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तोच पिसारा अंगावर घोंगडीसारखा होतो. निवारा, सावली आणि कोरडी जमीन या तीन गोष्टी नसतील तर सिल्की घेऊ नका.

खाली भाताचा तूस टाका आणि तो कोरडा ठेवा. ओल राहिली की तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीची भीती असते. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खाद्य पिल्लांचं स्टार्टरच द्या, सुरुवातीपासून नुसती कणी देऊन चालत नाही.

लसीकरणात कंजुषी नको. राणीखेत, गंबोरो आणि देवीच्या लसींचं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, तेव्हा शेजारच्या चार घरांनी मिळून आणा. पिल्लं विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: "मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी दिली का?" या रोगात पक्षी लुळा पडतो, त्यावर औषध नाही, आणि सिल्की त्याला लवकर बळी पडते.

स्वभाव: याच्यावरच धंदा उभा राहतो

सिल्की गरीब स्वभावाची. मुलांच्या मांडीवर बसते, पळापळ करत नाही, उडून कुंपण ओलांडत नाही. म्हणून ती घरात पाळायला लोकांना आवडते. पण हाच स्वभाव तिच्या मुळावरही येतो. गावरान कोंबड्या तिला खाऊ देत नाहीत, टोचतात. त्यात बऱ्याच सिल्कींच्या डोक्यावर उंचवटा असतो आणि तिथे कवटीचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. तिथे बसलेली एक जोराची चोच मेंदूला लागू शकते. मग मान वाकडी होते, पिल्लू गोल फिरतं, आणि लोक मानमोडी आली म्हणून सगळा कळप काढून टाकतात. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो वेगळा आजार. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आणि सिल्कीची पिल्लं पहिल्यापासून वेगळी ठेवा.

झुबका डोळ्यांवर आला की तिला समोरचं नीट दिसत नाही. दाणे शोधता येत नाहीत, मुंगूस किंवा घार आलेली कळत नाही. डोळ्यांपुढची पिसं हलक्या हाताने कापत जा. दाट पिसांत उवाही लपतात, आठवड्यातून एकदा पिसं बाजूला करून बघा.

नर-मादीची खात्री व्हायला चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. नराच्या झुबक्यातून मागे लांब पिसं निघतात, मादीचा झुबका गोल राहतो. पण पक्की खूण दोनच: नर आरवतो, मादी अंडं देते.

आणि सर्वांत मोठा गुण, खुडूकपणा. सिल्की वारंवार खुडूक बसते. अंडी कुणाचीही असोत, ती २१ दिवस मन लावून उबवते आणि पिल्लं सांभाळते.

आता हिशोब

खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

समजा तुमच्याकडे चार माद्या आणि एक नर आहे. प्रत्येकी दिवसाला ७० ग्रॅम खाद्य धरलं तर वर्षाला सुमारे १२८ किलो. ४० रुपये किलोने ५,१०० रुपयांच्या पुढे जातं.

सिल्की वर्षाला साधारण १०० अंडी देते. लेअर कोंबडी ३०० च्या पुढे जाते. चार माद्यांची झाली ४०० अंडी. म्हणजे नुसत्या खाद्याचाच खर्च एका अंड्यामागे पावणेतेरा रुपये! औषध, वीज, मेहनत वेगळी. १० रुपयांना अंडं विकलंत तर प्रत्येक अंड्यामागे खिशातून पैसे जातात. मांसाचंही तेच. पक्षी लहान, वाढ हळू.

मग पैसे कुठे आहेत? दोन ठिकाणी.

पहिलं, शोभेचा पक्षी म्हणून विक्री. इथे प्रश्न भावाचा नसून गिऱ्हाइकाचा आहे. तुमच्या तालुक्यात वर्षाला किती माणसं सिल्की विकत घेतील? दहा? वीस? आधी ती नावं वहीत लिहा, फोन करा, मगच पैदास वाढवा. विकताना सहा महिन्यांखालच्या पिल्लाला "नर-मादी नक्की नाही" असं स्पष्ट सांगा. खरं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं.

दुसरं, सिल्कीला आई म्हणून वापरा. गावरानची फलित अंडी, म्हणजे कोंबडा असलेल्या कळपातली, सहा-सात एका वेळी तिच्याखाली ठेवा. इनक्युबेटर नको, वीज नको. पिल्लं तीच वाढवते, फक्त खाद्य-पाण्यावर आणि मांजरावर तुमचं लक्ष हवं.

एक धोक्याची सूचना

"पिल्लं आमच्याकडून घ्या, मोठी झाली की आम्हीच जास्त भावाने परत घेऊ," असं कुणी म्हणालं तर थांबा. २०१९ मध्ये कडकनाथच्या अशाच योजनेत सांगली-कोल्हापूर भागातले कितीतरी शेतकरी अडकले. कडकनाथ हा चांगला पक्षी आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. दोष पक्ष्याचा नव्हता. खाणारं गिऱ्हाईक किती आहे हे न बघता पिल्लंच विकली जात होती. सिल्कीही आतून काळी, त्यामुळे "कडकनाथसारखीच औषधी" म्हणून ती विकणारे भेटतील. रंग सारखा म्हणून बाजार सारखा होत नाही.

ताईंचं पुढे काय झालं?

ताईंनी सहापैकी एक कोंबडा ठेवला, पाच विकले. त्यांच्याकडची एकमेव खरी सिल्की कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली शेजारणीकडची सात गावरान अंडी ठेवली. सहा पिल्लं निघाली आणि सहाही जगली. सिल्कीतून ताईंची पहिली कमाई झाली ती गावरान पिल्लं विकून! त्यानंतर त्यांनी पिल्लं घेतली नाहीत, अंड्यावर आलेल्या तीन तलंगा घेतल्या. महाग पडल्या, पण माद्या आहेत याची खात्री होती.

तुम्हालाही हेच सांगेन. पहिल्या वर्षी चार-पाचच पक्षी ठेवा आणि एक वही. अंडी किती, मेली किती, खाद्य किती, गिऱ्हाईक किती, सगळं लिहा. वर्षाअखेरीस ती वही जे सांगेल, त्यावर दहाचे पन्नास करायचे की नाही ते ठरवा.

तुमच्या गावात सिल्कीचा भाव काय आहे आणि खरोखर विकत घेणारे किती आहेत, खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्याची पद्धत बघू.