हर्णे परिसरातील माध्यमिक शिक्षण : बंदर, शाळा आणि विद्यार्थी

दापोलीहून पश्चिमेस निघालेला रस्ता आसूदची सुपारीची आगरे ओलांडून खाली उतरू लागला, की समुद्र दिसू लागतो आणि थोड्याच वेळात सुवर्णदुर्गाची तटबंदी नजरेत येते. सुमारे सोळा किलोमीटरच्या या वाटेच्या टोकाला हर्णे बंदर वसले आहे. सुवर्णदुर्गाने आंग्ऱ्यांच्या आरमाराचा दबदबा पाहिला आणि १७५५ साली कमोडोर जेम्सच्या तोफाही पाहिल्या. किनाऱ्यावरील कनकदुर्गाजवळ आज दीपगृह उभे आहे. तथापि हर्णेची खरी ओळख तेथील मासळीच्या लिलावामुळे आहे. नौका किनाऱ्यापासून काही अंतरावर नांगरून मासळी लहान होड्यांतून वाळूवर आणावी आणि तेथेच तिचा पुकारा व्हावा, ही येथील अनेक दशकांची रीत होय. हा लिलाव ज्यांच्या घरच्या दिनक्रमाचा भाग आहे, अशी मुले-मुली येथील आणि पाजपंढरी, आडे, आंजर्ले, मुरूड या आसपासच्या गावांतील माध्यमिक शाळांतून शिकतात. त्यांच्या शिक्षणाचा विचार बंदराला वगळून करता येत नाही.

या परिसराला शिक्षणाची परंपरा आहे, असे वारंवार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ही परंपरा कोणत्या परिस्थितीत घडली, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. हर्णेच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या मुरूड गावी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. मराठी शाळेचे शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरीस पात्र ठरविणाऱ्या सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्याची त्यांची इच्छा होती. परीक्षेचे केंद्र जवळपास कोठेही नव्हते. १८७५ च्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने मुंबईस जाण्याची सोय उरली नाही. तेव्हा हा मुलगा काही सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास पोहोचला. वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे ही परीक्षेची अट होती. कर्वे अंगाने लहानखुरे असल्यामुळे ते सतरा वर्षांचे वाटत नाहीत, असे सांगून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रातून ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडले. त्यावेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

ही हकीकत कर्व्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. शिक्षणव्यवस्थेचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. बुद्धी होती, इच्छा होती, पाठ झालेला अभ्यासही होता. नव्हते ते केवळ केंद्र. मुरूडमधून त्याच काळात किती मुले अशीच निघाली नाहीत, याची नोंद कोठेही नाही.

कर्व्यांच्या जडणघडणीत मुरूडच्या शाळेतील सोमण गुरुजींचा वाटा मोठा होता. वृत्तपत्र गावात येई, ते मिळून वाचावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवावे, असा या गुरुजींचा प्रघात होता. देवीच्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वृत्तपत्र वाचून दाखविण्याचे काम लहानपणी कर्व्यांकडे असे. शाळेबाहेरील शाळेचा हा प्रयोग आजच्या कोणत्याही विस्तार-कार्यक्रमाच्या तोडीचा म्हणावा लागेल. पुढे मुंबईत असताना कर्व्यांनी आपल्या मिळकतीतील वाटा बाजूस काढून गावच्या कामांसाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. साताऱ्याची ती पायपीट ते विसरले नसावेत.

त्याच पंचक्रोशीतील, आंजर्ल्याजवळच्या मुर्डी येथील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना कर्व्यांनी आपल्या घरी मुंबईस शिकावयास नेले. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले. पालगडचे साने गुरुजीही दापोलीत शिकले आणि सुटीत डोंगरवाटेने पायीच घरी जात. एका तालुक्याने एवढी माणसे द्यावीत, ही गोष्ट असामान्यच आहे.

मात्र एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. ही यादी बहुतांशी एका वर्गातून आणि केवळ मुलांमधून आलेली आहे. बंदरावरील कोळी, दालदी व भंडारी कुटुंबांतील मुले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुले आणि सर्वच समाजांतील मुली यांना शाळेचा उंबरठा दीर्घकाळ दूर होता. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या शाळा, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. ठरावापासून प्रत्यक्ष वर्गातील बाकापर्यंतचा प्रवास पुढे कित्येक वर्षे चालला.

हायस्कूल गावात आले

कोकणातील बहुतेक माध्यमिक शाळा गावकऱ्यांच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या पुढाकाराने निघाल्या. गिरणीत, गोदीत अथवा कचेरीत नोकरी करणाऱ्यांनी गावच्या मंडळाकडे वर्गणी जमा करावी, कोणी जागा द्यावी, कोणी कौले द्यावीत, इतरांनी श्रमदान करावे आणि पहिले वर्ग देवळात किंवा एखाद्याच्या पडवीत भरावेत, असा हा क्रम गावोगावी दिसतो. शासनाच्या वेतन-अनुदानामुळे या शाळांना स्थैर्य लाभले. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफीची सवलत मिळू लागली. पुढे १९८५-८६ च्या सुमारास मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत करण्यात आले. १९७५ मध्ये अकरावीच्या जागी दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली आणि गावातील शाळेतच एक टप्पा पुरा करणे अनेकांना शक्य झाले. परीक्षा मंडळही कालांतराने जवळ आले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत होते. २०१२ च्या परीक्षेपासून त्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ कार्यरत आहे.

तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्याने प्रथम येत आहे. २०२३ मध्ये राज्याचा निकाल ९३.८३ टक्के लागला, तर कोकणाचा ९८.११ टक्के. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे ९५.८१ व ९९.०१, आणि २०२५ मध्ये ९४.१० व ९८.८२ असे होते. ज्या किनाऱ्यावरून परीक्षेसाठी घाट चढून जावे लागे, त्या किनाऱ्यावर आता परीक्षेस बसलेल्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुले उत्तीर्ण होत आहेत.

या यशाचे श्रेय शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांना नि:संशय दिले पाहिजे. तरी आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. कोकण हा राज्यातील सर्वांत कमी विद्यार्थिसंख्येचा विभाग आहे. शाळा लहान, वर्ग लहान, आणि शिक्षकाला प्रत्येक मुलाचे घर ठाऊक. दुसरे असे, की टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांची असते. नववीतून दहावीत न आलेला मुलगा तिच्यात दिसत नाही.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक

हर्णे परिसरातील विद्यार्थ्याचे वर्ष दोन पंचांगांवर चालते. एक शाळेचे, दुसरे समुद्राचे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असून खवळलेल्या समुद्रात जीवितास धोकाही असतो. नौका वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीस निघतात आणि घरातील रोख आवक आटते. नेमकी याच वेळी, जूनच्या मध्यास, शाळा सुरू होते. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके शासनाकडून विनामूल्य मिळतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र पुस्तके, वह्या, गणवेश, छत्री आणि एस.टी.चा पास यांची तजवीज वर्षातील सर्वांत ओढगस्तीच्या दोन महिन्यांत करावी लागते. शेतावर अवलंबून असलेल्या घरांत हेच दिवस लावणीचे. जुन्या पुस्तकांची पेढी चालविणाऱ्या शाळांना या गोष्टीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने जूनपूर्वी अशी पेढी उभी केली, तर अल्प खर्चात मोठे काम होईल.

ऑगस्टमध्ये नारळीपौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, की दुसरा प्रश्न उभा राहतो. नौकेवर खलाशी हवे असतात आणि पंधरा-सोळा वर्षांचा धडधाकट मुलगा घरात असतो. त्याला वाटा मिळतो, तो हातात रोख मिळतो. शाळेचे फळ दूरचे. मुलींच्या बाबतीत पहाटेचे पाणी, धाकटी भावंडे आणि आई लिलावास गेल्यावर उरलेले घरकाम, असा भार असतो. हजेरीपटावरील गैरहजेरीची ही कारणे ठाऊक असलेला शिक्षक मुलाला रागावण्याऐवजी त्याच्या घरी जातो, आणि बहुधा त्याचाच उपयोग होतो.

भाद्रपदात गणपतीसाठी चाकरमानी येतात. कोकणातील शाळांना या दिवसांत सुटी द्यावीच लागते, नाहीतर वर्ग रिकामे राहतात. शालान्त परीक्षा आणि शिमगा हे तर जवळजवळ हातात हात घालून येतात. पालखी घरोघर फिरत असते आणि आत मुलगा भूमितीचे प्रमेय पाठ करीत असतो. त्याचे मन नेमके कोठे असते, हे सांगण्याची गरज नाही.

असे असले तरी बंदर हे केवळ अडथळा नव्हे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे येथील चौथीतील मुलालाही ठाऊक असते. चंद्राची गती शिकविताना शिक्षकाला याहून चांगले साधन कोठे मिळणार? पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती ही त्याच्या परिचयाची आहेत. लिलावात बोलीची बेरीज आणि वाट्यांची विभागणी तोंडी चालते. पुस्तकातील अपूर्णांकाला अडखळणारा विद्यार्थी बापाच्या हिशेबात चुकत नाही, हा अनुभव कित्येक शिक्षकांना येतो. स्नेहसंमेलनात जाखडी आणि नमन यांना मिळणारी दाद, कबड्डीच्या मैदानावरील चुरस आणि विज्ञान प्रदर्शनातील समुद्राशी निगडित प्रतिकृती यांतूनही हेच दिसते. शासकीय रेखाकला परीक्षा, क्रीडा आणि लोककला यांतील प्राविण्याबद्दल आता दहावीस वाढीव गुणांची तरतूद आहे. परंतु प्रस्ताव वेळेत गेला, तरच ते मिळतात.

दहावीनंतर

खरा कस यापुढे लागतो. उत्तीर्णांच्या टक्केवारीत पहिला येणारा हा विभाग स्पर्धा परीक्षांत त्या मानाने मागे दिसतो, ही तक्रार कोकणातच वरचेवर ऐकू येते. तिला एक साधे कारण आहे. दहावी झालेला मुलगा मुंबईचा रस्ता धरतो. काका, मामा तेथे असतात, काही ना काही काम मिळते. शिक्षणाची शिडी चढण्याऐवजी पहिली पायरी हाताशी लागताच तो उतरतो.

यावर आठवीतच उपाय सुरू करता येतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती योजना २००८ पासून राबविली जात आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिची परीक्षा असून, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असावे लागते. निवड झालेल्यास नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. खलाशाचे काम पत्करण्याच्या वयातच घरात येणारी ही रक्कम मुलाला शाळेत टिकवून ठेवू शकते. परीक्षेची तयारी, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते आणि दरवर्षीचे नूतनीकरण यांपैकी एक दुवा निखळला, तरी लाभ हुकतो. दाखल्यांच्या बाबतीत तलाठी आणि ग्रामपंचायत कार्यालय यांनी शाळेतच एक दिवस बसण्याची प्रथा पाडली, तर पालकांचा एक मजुरीचा दिवस वाचेल.

उच्च शिक्षणाच्या संस्था दूर नाहीत. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगाव येथे सुरू आहे. मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची असून तिला बारावी विज्ञान शाखेतून प्रवेश मिळतो. म्हणजे तांडेलाच्या मुलीने अथवा मुलाने या महाविद्यालयात जायचे, तर निर्णय दहावीच्या निकालानंतर आठवडाभरात, अकरावीची शाखा निवडतानाच घ्यावा लागतो. हे त्या आठवड्यात घरी जाऊन सांगणारे कोणीतरी लागते. बहुतेक घरांत मत्स्यशास्त्र हा शिकण्याचा विषय असतो, हेच मुळात नवे वाटते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली व मंडणगड तालुक्यांतील बागा व घरांबरोबर शाळांच्या इमारतींचेही मोठे नुकसान झाले. पत्रे उडाले, कपाटांतील पुस्तके भिजली. करोनामुळे वर्ग आधीच बंद होते. आता वीज आणि दूरध्वनीही गेल्याने घरबसल्या शिकण्याचा मार्गही काही काळ खुंटला. तशाही स्थितीत किनाऱ्यावरील शाळा पुन्हा उभ्या राहिल्या. मात्र अनेक गावांत आता प्रश्न छपराचा राहिलेला नाही. मुलांची संख्याच घटत आहे आणि पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरतात. पट थोडा कमी झाला, की गणिताचा अथवा विज्ञानाचा शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो गेला, की विज्ञान घेऊ इच्छिणारी मुले दापोलीस जातात आणि पट आणखी उतरतो. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने जाणाऱ्या या मुलांमध्ये मुलींची संख्या बरीच असते. ती गाडी पावसाळ्यात वेळेवर सुटली नाही, तर त्यांचा पहिला तास बुडतो.