स्टेशनपुरती गाडी आणि काळा पडलेला प्लग

आपली गाडी, आपलं इंजिन : लेखांक ७

मागच्या लेखांकात बॅटरी झाली. आता स्पार्क प्लग, आणि तोही काळा पडलेला. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत गाडी ज्या पद्धतीने वापरली जाते, ती पद्धतच प्लग काळा करायला पुरेशी आहे. लांबचा प्रवास आपण लोकलने करतो. गाडी बाहेर निघते ती मानपाडा रोडवरून कुणाला डोंबिवली स्टेशनला सोडायला, मुलांना क्लासला न्यायला, पाऊस असला तर बाजारात. दोन-तीन किलोमीटर गेली की बंद. पाच वर्षांत मीटरवर जेमतेम वीस हजार किलोमीटर दिसतात, गाडी नव्यासारखी आहे असं मालक अभिमानाने सांगतो, आणि सकाळी सेल्फ मारला की तीच गाडी मिसिंग करत थरथरते.

असं का होतं ते समजून घेऊ. प्लगच्या टोकाला दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यात जेमतेम मिलिमीटरभराची फट, म्हणजे गॅप. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे काही हजार, कधी वीस-पंचवीस हजार व्होल्ट करते, तेव्हा कुठे त्या फटीतून ठिणगी उडी मारते. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचं नाक असतं. त्याचं काम एकच, वीज बाजूला जाऊ न देणं. काजळी विजेची वाहक आहे. या नाकावर तिचा थर बसला की विजेला फटीतून उडी मारण्याचं कारणच उरत नाही. ती काजळीवरून सरळ प्लगच्या लोखंडी अंगात उतरते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल न जळता बाहेर जातं, पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज घसरतं.

ही काजळी जाळण्याची सोय प्लगमध्येच आहे. नाकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बसलेला कार्बन आपोआप जळतो. (८५० च्या पुढे मात्र प्लगच इतका लाल होतो की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं.) इंजिन थंड असताना गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, म्हणजे काजळीही तेव्हाच जास्त धरते. स्टेशनपुरत्या फेरीत गाडीला हा काजळीचा भाग तेवढा मिळतो, जळण्याचा मिळत नाही.

याहून वाईट प्रकार जुन्या सोसायट्यांतला. नौपाड्यात किंवा डोंबिवली पश्चिमेला विष्णुनगरमध्ये एकामागे एक गाड्या लावलेल्या असतात. मागच्याला निघायचं म्हणून पुढच्याने गाडी सुरू करायची, दहा फूट हलवायची, परत लावून बंद करायची. इंजिनाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आतलं पेट्रोल जळत नाही, प्लग ओला होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी सुरूच होत नाही. अशा वेळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसू नका. बहुतेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर सुकतो. पाच-सात सेकंद सेल्फ, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा एकदा.

हा आजार नवा नाही. एकेकाळी कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा चोक ओढलेलाच राहिला की प्लग काळे झालेच म्हणून समजा. मायकोचा एक जादा प्लग आणि प्लगपान्हा डिकीत ठेवणारे ड्रायव्हर आजही भेटतील. कार्ब्युरेटर गेला आणि चोक गेला, पण थंड इंजिनाची जादा पेट्रोलची गरज तीच राहिली.

प्लग काढल्यावर तो फेकण्याआधी नीट बघा. चांगल्या प्लगचं नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. बोटाला लागणारी कोरडी, मखमली काजळी सगळ्या प्लगवर सारखी असेल, तर छोट्या फेऱ्या, तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला सेन्सर यांच्याकडे वळा. मेट्रोच्या कामांची धूळ ज्यांच्या वाटेवर आहे त्या घोडबंदरकरांनी फिल्टरच आधी उघडावा. एकाच सिलिंडरचा प्लग काळा, चकचकीत आणि तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. सकाळी सुरू करताना निळा धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, चढावर रेस दिल्यावर आला तर पिस्टन रिंगवर. तेल फक्त प्लगच्या वरच्या भागाला, कॉइलच्या रबराला लागलेलं असेल तर घाबरू नका. ते टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं असतं, काम स्वस्तात होतं. हा फरक न बघता कुणी इंजिन खोलायला सांगत असेल, तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून चीड आहे. गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होते म्हणून काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. तापमानाचा काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण आता इंजिन वेळेवर तापतच नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो जादा पेट्रोल सोडत राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी प्लग काळे. मग प्लग बदलले जातात, पुन्हा काळे होतात आणि दोष पेट्रोल पंपाला दिला जातो. मूळ दोष बंद पडलेला रेडिएटर फॅन किंवा तुंबलेला रेडिएटर असतो. तो दुरुस्त करायला लावा आणि थर्मोस्टॅट परत बसवून घ्या.

सीएनजीवाल्यांचं गणित थोडं वेगळं. गॅस जळताना काजळी फार कमी धरते, पण ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे गॅप वाढलेला प्लग गॅसवर आधी मिस मारतो. मात्र बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जातात. स्टेशनपुरत्या फेरीत त्यांची गॅसची पाळी येतच नाही.

काळा प्लग घासून परत लावावा का? निकेलचा साधा प्लग असेल तर वेळ मारून नेण्यापुरता. लोखंडी ब्रशने सिरॅमिकवर धातूच्या रेघा उमटतात आणि त्याही वीज वाहतात. इरिडियमच्या बारीक टोकाला तर ब्रश लावूच नये. कंपनीने सांगितलेला नंबर बदलू नका. ‘गरम’, म्हणजे नाक जास्त तापणारा प्लग टाकून बघू म्हणणाऱ्याला हेही सांगा, की एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग आणि बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम.

काजळी हलकी असेल तर रविवारी सकाळी लवकर कल्याण-मुरबाड रस्त्याने गोवेलीच्या पुढे अर्धा तास एका लयीत गाडी चालवा. गाडी मिसिंग करत असताना मात्र हा उपाय नको; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळवतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या.

नवा प्लग थंड इंजिनातच बसवावा. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवा. मग प्लग पान्ह्याने नव्हे, हाताने फिरवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिरका गेला तर आटे जातात. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्ह्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर आकडा मॅन्युअलमधला घ्या.