विद्यापीठातले ज्ञान, चौकातली चर्चा

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी संपादित केले. कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा शाहूंचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. आरक्षणावर आजही हिरिरीने वाद होतात. त्यात ऐकीव गोष्टींवर न विसंबता त्या काळच्या अस्सल कागदांपर्यंत जाता येणे, हे अशा संपादनाचे खरे मोल. भाषणे विरतात, छापलेला कागद कुणालाही तपासता येतो.

याच विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जे. एफ. पाटील यांनी अर्थसंकल्प, शेती आणि सहकार हे विषय वृत्तपत्रांतून व व्याख्यानांतून सोप्या मराठीत मांडले. ऊसदरावरून आंदोलने पेटणाऱ्या जिल्ह्यात अशा लेखनाची गरज वेगळी सांगायला नको.

वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव यांचे काम वरकरणी वादापासून दूरचे. सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांचा त्यांनी अभ्यास केला, विद्यापीठाच्या उद्यानात ती जोपासली. पण सह्याद्रीतल्या जांभ्या खडकाच्या सड्यांखाली, म्हणजे उघड्या पठारांखाली, बॉक्साइट आहे, आणि खाणीसाठी सडा ‘पडीक’ ठरवणे सोपे असते. पावसाळ्यात त्याच सड्यावर कोणकोणत्या वनस्पती उगवतात, त्यांतल्या कोणत्या जगात अन्यत्र कुठेच नाहीत, याची नावानिशी यादी अभ्यासकच देऊ शकतो.