ताजमहाल हॉटेल : व्यापाऱ्याने कधी उतरावे, कधी नुसते भेटून यावे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशा कापडाच्या गावांतून मुंबईला जाणाऱ्या व्यापारी बांधवांकडून एक सवाल नेहमी ऐकू येतो. आखाती देशातील किंवा दिल्ली-बंगळुरूकडील मोठा खरीददार मुंबईत आला की पुष्कळदा अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात उतरतो आणि आपल्याला तेथेच बोलावतो. अशा वेळी आपणही तेथे एक रात्र काढावी, की महंमद अली रोडवर नेहमीच्या ठिकाणी सामान ठेवून भेटीपुरते जावे? काही जण याला सरळ इसराफ म्हणून मोकळे होतात. काही जण म्हणतात, मोठा कारोबार करायचा तर मोठ्या ठिकाणी दिसलेच पाहिजे. दोघेही वही-पेन्सिल हातात न घेता बोलतात. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही इमारत पाहून बिचकण्याचे आपल्याला कारण नाही. हे हॉटेल एका कापडवाल्याने बांधलेले आहे. जमशेटजी टाटा यांचे नाव आज पोलादाशी जोडले जाते, परंतु त्यांचा मूळ धंदा कापूस आणि कापड. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. पुढे १८८६ मध्ये कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेऊन तिची स्वदेशी मिल केली. टाटांचा पोलाद कारखाना त्यांच्या पश्चात उभा राहिला. हॉटेलचे आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले व डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम पूर्ण केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले आणि मे १९०४ मध्ये जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले. समोरचे गेट वे ऑफ इंडिया १९२४ साली खुले झाले. म्हणजे बंदरात शिरणाऱ्या जहाजावरील मुसाफिरांना वीस वर्षे आधी ताजचा घुमट दिसत होता, कमान नंतर आली. शेजारचा उंच टॉवर तर १९७३ चा आहे.

त्याआधी मुंबईत नाव होते वॉटसन्स हॉटेलचे. त्याचा मालक जॉन वॉटसन हाही कापडाचाच दुकानदार. त्याने लोखंडी सांगाडा विलायतेतून तयार करून आणला व काळा घोड्याजवळ उभा केला. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातील पहिला सिनेमा तेथे दाखवला गेला. जमशेटजींना तेथे हिंदी म्हणून आत घेतले नाही आणि त्या रागातून ताज उभे राहिले, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे, परंतु तिला पक्का कागदोपत्री पुरावा नाही. मला तर वाटते की गिरणीवाल्याने बंदराचे मोल ओळखले, एवढे कारण पुरेसे आहे. जेथे खरीददार उतरतो तेथे जागा धरावी, हा बाजाराचा जुनाच कायदा आहे.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या दिवसांत या हॉटेलवर जो दहशतवादी हल्ला झाला, त्यात येथे सुमारे तीस माणसे मारली गेली. पाहुण्यांना बाहेर काढताना जीव गमावणारे कर्मचारीही त्यांत होते. घुमटाखाली आग लागली. टॉवर त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा उघडला, जुना राजवाडा मात्र १५ ऑगस्ट २०१० रोजी. तेव्हापासून दारावर गाडीची, सामानाची व माणसाची तपासणी होते. आपल्यापैकी काहींना दाढी-टोपीमुळे तेथे संकोच वाटतो आणि ते खरीददारालाच बाहेर बोलावतात. तसे करू नये. तपासणी सगळ्यांची होते, सुटाबुटातील साहेबाचीही. कपडा आपला नेहमीचा पण स्वच्छ व इस्त्रीचा असावा, ओळखपत्र खिशात असावे आणि दहा मिनिटे हाताशी ठेवून निघावे. नमुन्यांची पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते, म्हणून तीत कात्री, चाकू, टोचा ठेवू नये. कापड कापून देण्याची वेळ आलीच तर कात्री तेथे मागता येते.

यानंतरची गोष्ट मला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते. ताजच्या लॉबीत बसण्यासाठी तेथे राहावे लागत नाही. हे जसे आपल्या फायद्याचे आहे तसेच धोक्याचेही आहे. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याला एका दलालाने ‘पार्टी’शी भेटवले, ते याच प्रकारच्या एका बड्या हॉटेलच्या लॉबीत. चहा झाला, शेड कार्ड पाहिले गेले, भाव फारसा घासला गेला नाही. नव्वद दिवसांच्या उधारीवर ग्रे कापडाच्या गाठी रवाना झाल्या. पार्टी त्या हॉटेलात उतरलेलीच नव्हती. ती रिक्षाने आली होती व रिक्षानेच गेली. पैसा आजतागायत आलेला नाही. हॉटेलचा यात काही दोष नाही, ते कोणाच्या पतीची हमी देत नाही. पण आपला कारोबार सगळा उधारीवर आणि चेहऱ्यावर चालतो, आणि झुंबराखाली बसलेला चेहरा जरा जास्तच भरवशाचा दिसतो.

याला उपाय सोपा आहे. खरीददार ‘मी येथेच उतरलो आहे’ म्हणाला तर ठरलेल्या वेळेच्या आधी स्वागत कक्षात जाऊन त्याचे नाव सांगावे व फोन जोडून मागावा. चांगले हॉटेल खोलीचा क्रमांक कधी सांगणार नाही, पण पाहुणा असेल तर फोन जोडून देईल. त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की फर्मचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही फुकट पाहता येते. परदेशी माणूस असेल तर पहिला व्यवहार आगाऊ रकमेवर किंवा बँकेच्या पतपत्रावर करावा. आणि त्याच्या आधीच्या दोन पुरवठादारांची नावे विचारण्यात तकल्लुफ बाळगू नये. खरा व्यापारी याने रागावत नाही.

आता उतरण्याचा खर्च. भाडे रोज बदलते. समुद्राकडील जुन्या इमारतीतील खोली टॉवरपेक्षा महाग, हिवाळा व लग्नसराईत आणखी महाग. हिशेबासाठी २०,००० रुपये धरू. दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर गेले की जीएसटी १८ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. एकूण २३,६००. आपली फर्म महाराष्ट्रात नोंदलेली आहे, मुक्काम धंद्यासाठी आहे आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक आहे, तर हे ३,६०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात. क्रमांक बुकिंग करतानाच द्यावा. निघताना काउंटरवर आठवण करणारे व्यापारी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मग बिल वैयक्तिक नावाने निघते. खोलीतले किंवा उपाहारगृहातले जेवण वेगळे घेतले तर त्यावरील कराचे क्रेडिट मिळत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जे कंपोझिशन योजनेत आहेत किंवा नोंदणीच केलेली नाही, अशा लहान यंत्रमागवाल्यांना व कारागिरांना काहीच वळते होत नाही, त्यांना पूर्ण २३,६०० पदरचे पडतात. दुसरे, हॉटेलच्या मुक्कामावरील कर ज्या राज्यात हॉटेल आहे त्या राज्याचा लागतो. आपण हैदराबादच्या फलकनुमा पॅलेसमध्ये किंवा कोलकात्याच्या एखाद्या जुन्या बड्या हॉटेलात उतरलो तर तेथील राज्याचा कर बिलात येतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीवर तो वळता करता येत नाही. मुंबई आपल्याला म्हणूनच किफायतशीर. उलट ७,५०० किंवा त्याहून कमी भाड्याच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे, पण हॉटेलला स्वतःच्या खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. ७,००० च्या खोलीचे ७,३५० होतात.

रोख रक्कम देऊ नये. एका दिवसात एकाच पार्टीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. हॉटेलात पोहोचताच ते कार्डावर भाड्याशिवाय काही रक्कम अडकवून ठेवतात, ती निघाल्यानंतर सुटते. डेबिट कार्डावर ती सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात, आणि तोपर्यंत आपला पैसा बसून राहतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी मुदतीत पूर्ण रक्कम भरावी, किंवा आधीच बँकेतून रक्कम पाठवून तसे लेखी कळवावे. फ्रीजमधील बाटल्या, धुलाई, टॅक्सी, या सगळ्याला वेगळा दर असतो. शराबच्या बाटल्या खोलीत नको असतील तर आल्याबरोबर सांगावे, काढून नेतात. हलालबद्दल गृहीत धरू नये, विचारावे. मागच्या गल्लीत बडे मियांची कबाबची गाडी अनेक दशकांपासून आहे, रात्री उशिरापर्यंत गर्दी असते.

एक बारीकशी गोष्ट, पण नव्या माणसाची चूक तेथेच होते. मुंबईत समुद्र म्हणजे पश्चिम, असे आपल्या डोक्यात बसलेले असते. अपोलो बंदर शहराच्या पूर्व अंगाला आहे. ताजच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल तर किब्ला समोर नाही, पाठीकडे आहे. मुंबईहून तो पश्चिमेला व किंचित उत्तरेकडे येतो.

मग उतरावे कधी? माझ्या मते एकाच स्थितीत. खरीददार तेथेच आहे, दोन दिवसांत परतणार आहे आणि त्याला पुष्कळ माल अंथरून दाखवायचा आहे. लॉबीत थान उलगडता येत नाही, ते शोभतही नाही. खोलीत मात्र पलंगभर नमुने पसरता येतात, खिडकीच्या उजेडात रंग दाखवता येतो. मी एकदा असे केले आहे. सकाळी नऊला खरीददार आला, साडेअकराला रीड, पिक, पन्हा व भाव ठरून कागद झाला. त्याला आमच्या गावी नेऊन आणायचे म्हटले असते तर त्याचा अख्खा दिवस गेला असता, आणि दिवस गेला की मन बदलते. दुपारी बाराच्या आत खोली सोडावी लागते, हे ध्यानात ठेवून वेळ द्यावा. नमुने मोजके असतील, हँगरवर लावलेले दहा-बारा तुकडे असतील, तर पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये चहावर काम होते. चहा महागच आहे, पण खोलीच्या मानाने काहीच नाही. चार-पाच जणांची बैठक असेल तर लहान सभाकक्ष तासावर मिळतो का ते आधी फोन करून विचारावे. खोली कुटुंबाच्या सुटीसाठी घेऊन धंद्याच्या खात्यात टाकणे कायद्यात बसत नाही, आणि हे बिल तपासणीत पहिले डोळ्यांवर येते.

कारागीर बांधवांसाठी आणखी थोडे. असे हॉटेल स्वतःच एक मोठा खरीददार असते. चादरी, टॉवेल, नॅपकिन, गालिचे, पितळी भांडी, सगळे कोणीतरी पुरवत असतो. ताज समूहाने बनारसजवळच्या सराय मोहाना गावातील विणकरांकडून आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी साड्या विणून घेतल्या आहेत. स्वागत कक्षात गेल्यावर झुंबराकडे पाहून झाले की एकदा त्या काठ-पदराकडेही पाहावे. सोलापूरच्या टॉवेलवाल्याने खोलीतील टॉवेलचा कोपरा हातात धरून वजन व लूप पाहिले तर त्याला कोणत्याही नमुना-पुस्तकापेक्षा जास्त कळेल. अर्थात नमुने घेऊन स्वागत कक्षात उभे राहण्यात अर्थ नाही. खरेदी विभागाला आधी लेखी कळवावे, सोबत वजन, आकार, धुलाईत आटण्याचे प्रमाण व महिन्याला किती माल नियमित देता येईल, हे लिहावे. मोठी हॉटेले भावापेक्षा आधी सातत्य विचारतात. हिमरू, मशरू किंवा बिदरीचे काम करणाऱ्यांनी हॉटेलच्या आतील दुकानांशी बोलून पाहावे.

छपाईवाल्यांनी मात्र एक खबरदारी घ्यावी. २०१७ मध्ये ताजच्या इमारतीच्या रूपाला ट्रेडमार्क मिळाला. भारतात इमारतीला असा हक्क मिळण्याची ती पहिली वेळ. तेव्हा पिशव्या, चादरी, भेटवस्तूंवर त्या घुमटाचे चित्र छापून विकायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. गेट वेचे चित्र छापताना मागे ताज येतेच, त्याचाही विचार ब्लॉक बनवण्यापूर्वी करावा.