शाखामार्गावरची ड्यूटी

सकाळी ६.३०

शेडमध्ये गेल्यावर आधी आर्द्रतेचा काटा बघायचा, मग हीटर लावायचा. स्विंडनला ऑक्टोबरात हवा इतकी ओली असते की लाकूड फुगतं. माझं स्टेशन नऊ मिलिमीटर प्लायवूडच्या फळ्यांवर उभं आहे. दोन फळ्यांच्या जोडावर रूळ अर्धा मिलिमीटर जरी वर आला, तरी खऱ्या रुळावर ती जवळजवळ चार सेंटिमीटरची पायरी होईल. म्हणून प्रत्येक जोडावरून नख फिरवते. नखाला लागलं नाही तर चाकाला लागत नाही.

मग मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून सगळे रूळ पुसायचे. इंजिनाला वीज रुळातूनच मिळते, आणि रात्रभरात बसलेली धूळ तिला अडवायला पुरेशी असते. हे काम कंटाळवाणं आहे असं कोणी म्हणालं तर मला खरंच नवल वाटतं. रेल्वेत रोज पहाटे कोणीतरी रूळ चालत तपासायचाच. तीच माझी गस्त.

सकाळी ८.००

ही रेल्वे दक्षिण डेव्हनमधली, ग्रेट वेस्टर्न कंपनीची, काळ १९३७ चा उन्हाळा. एकेरी मार्गाच्या शेवटचं छोटं गाव, एक फलाट, मालधक्का, एका इंजिनापुरती शेड. अशी गावं खरोखर होती. टॉटनेसहून बकफास्टलीवरून अ‍ॅशबर्टनला जाणारा फाटा त्यातलाच. १९५८ साली तिथली प्रवासी वाहतूक थांबली. पुढे हौशी लोकांनी बराचसा मार्ग वाचवला, पण अ‍ॅशबर्टनकडचा तुकडा १९७१ मध्ये हमरस्त्यासाठी गेला. माझं स्टेशन काल्पनिक आहे, तरी त्यातली एकही सवय काल्पनिक असू नये असा माझा आग्रह आहे.

प्रमाण एक फुटाला चार मिलिमीटर. एक मैल म्हणजे एकवीस मीटर, त्यामुळे अख्खा मार्ग कुणाच्याच घरात मावत नाही. माझ्याकडे फक्त स्टेशन आहे. त्यापुढे गाडी पुलाखालून जाते आणि पडद्यामागच्या लपवलेल्या यार्डात थांबते. तिथे जंक्शन, लंडन, वेल्सच्या खाणी, सगळं जग पाच रुळांवर उभं असतं.

आज धावणार ती ४८०० वर्गातली टाकीवाली इंजिनं. १९३२ ते १९३६ दरम्यान इथे स्विंडनच्या कारखान्यात अशी पंचाहत्तर बनली. त्यांतलं ४८६६ पुढे १४६६ झालं आणि आजही डिडकॉटला जपलेलं आहे. तिथे जाऊन मी त्याची पायरी, पाण्याच्या टाकीची कड, कोळशाच्या कप्प्यामागचे दिवे टिपून आणले. तयार मॉडेलवर ते बारकावे सहसा थोडे जाड येतात.

चाकांची आतली मापं तपासते: साडेचौदा मिलिमीटर. आमच्या छंदात एक जुनी तडजोड आहे. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात बसेनात. तेव्हा अंग चार मिलिमीटरच्या प्रमाणाने थोडं मोठं केलं आणि रूळ साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणाचेच ठेवले. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. प्रमाणात ते चार फूट दीड इंच भरतं, खरं हवं चार फूट साडेआठ. १८.८३ मिलिमीटरवर अचूक रूळ हाताने घालणारे आहेत, आणि त्यांच्या कामापुढे मी मान तुकवते. पण ती अचूकता मापाची. मला हवी आहे ती कामाची.

सकाळी ९.३०

कोळशाच्या वखारीकडचा नवा रूळ आज जोडायचा. रुळाच्या बाहेरच्या बाजूला कानशीने इवलीशी जागा घासायची, फ्लक्सचा थेंब, तापलेली सोल्डरिंगची सळई क्षणभर टेकवायची आणि तारेला डाख द्यायचा. दोन सेकंदांत झालं पाहिजे. जास्त वेळ टेकवलं तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार. दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्यावर विजेसाठी विसंबायचं नाही, तो काही वर्षांत सैल पडतोच.

मग खडी. चमच्याने पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरांमधून सारायची, रुळाच्या आतल्या कडेला एक कण राहू द्यायचा नाही. वरून पाण्याचा फवारा, मग ड्रॉपरने पातळ डिंक. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला की तो खडीत शिरतो, नाहीतर वरच गोळी होऊन बसतो. वखारीच्या रुळाला स्वच्छ खडी शोभत नाही. मुख्य रुळांची निगा कंपनी राखायची, मागच्या रुळांवर राख आणि कोळशाचा चुरा साचायचा. म्हणून इथे राखाडी भुकटी, वर थोडं गवत.

सकाळी ११.३०

कोळशाचे डबे. १९३७ मध्ये बहुतेक कोळसा खाणींच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या डब्यांतून यायचा, बाजूला मालकाचं नाव ठळक अक्षरांत. भरलेला डबा गावात यायचा, व्यापाऱ्याची माणसं फावड्याने पोत्यांत भरायची, ठरलेल्या दिवसांत रिकामा झाला नाही तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागायचं. मग रिकामा डबा खाणीकडे परत. ही ये-जा दिसली नाही तर ते डबे शोभेचेच. म्हणून माझा कोळसा सुटा आहे: पातळ पत्र्यावर खरा कोळसा कुटून चिकटवलेला, लोहचुंबकाने वर उचलता येतो. डबा येताना भरलेला, जाताना रिकामा.

या छंदात देखाव्याचं कौतुक फार, आणि ते रास्तच आहे. जॉन अहर्न यांनी आपल्या ‘मॅडर व्हॅली’त रेल्वेभोवती सबंध मुलूख उभा करून दाखवला. तो आता लाँग विटनमच्या पेंडन संग्रहालयात आहे. तिथल्या झोपड्यांपुढे तासभर सहज जातो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथेही लोक देखाव्यात रमतात. पण माझे गुरू पीटर डेनी. ते पाद्री होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी बकिंगहॅम नावाचा मार्ग बांधला आणि तो वेळापत्रकाने चालवला. मुलगा क्रिस्पिन हाताशी नसला की त्याचं काम करायला त्यांनी एक यंत्र तयार केलं, आणि ते घंटेच्या ठोक्यांना उत्तर द्यायचं! रेल्वे ही माणसांनी एकमेकांशी बोलून चालवायची गोष्ट आहे, हे त्यांना पुरतं उमजलं होतं.

दुपारी २.००

जेवण उरकून मी डब्यांची कार्डं मांडते, तोवर दोघे आलेले असतात. एक आमच्या गल्लीतले निवृत्त सिग्नलमन. हयातभर केबिनमध्ये लिव्हर ओढलेले हात, आता बोटांएवढ्या लिव्हरवर. दुसरा माझा भाचा, ब्रिस्टलला शिकतो. तो ड्रायव्हर आणि गार्ड, मी स्टेशनच्या केबिनमध्ये, सिग्नलमन पडद्यामागे जंक्शनवर. आम्ही एकमेकांना दिसत नाही, ऐकू येते फक्त घंटा.

एक ठोका: लक्ष द्या. मी एक ठोका परत देते. मग तीन-थांबा-एक: साधी पासिंजर घ्याल का? रूळ मोकळा आहे याची खात्री करून मी तेच ठोके परतवते आणि शेवटच्या ठोक्याला बटण दाबून धरते. तेवढ्यातच पलीकडच्या यंत्रातून टोकन सुटतं. ते टोकन ड्रायव्हरच्या हाती असल्याशिवाय एकेरी मार्गावर गाडी जात नाही, आणि एक बाहेर असताना दुसरं निघत नाही. दोन ठोके: गाडी निघाली. गाडी आत आली, शेवटच्या डब्याचा दिवा डोळ्यांनी पाहिला, की दोन-थांबा-एक.

माझे वडील मिरजेकडे स्टेशन मास्तर होते. तिथल्या यंत्रातून धातूचा गोळा निघायचा, चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्याला लावायचा आणि चालत्या इंजिनाकडे उंच धरायचा. आकार वेगळा, शिस्त हीच. ती इंग्लंडलाही फुकट मिळालेली नाही. सॅक्सबी नावाच्या अभियंत्याने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याचं पेटंट घेतलं १८५६ मध्ये. पण सगळ्या कंपन्यांवर त्याची सक्ती झाली १८८९ मध्ये, आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीच्या अपघातात कितीतरी मुलं दगावल्यानंतर. माझ्या लिव्हरखालीही पितळी पट्ट्यांचं तसंच कुलूप आहे. सांधा चुकीचा लागला असेल तर सिग्नल खाली येतच नाही. हो, खाली. ग्रेट वेस्टर्नचा हात रस्ता मोकळा असताना खाली झुकतो. इतर कंपन्या तोवर वर उचलणाऱ्या हातांकडे वळल्या होत्या.

“मावशी, सोडू का?”

“हात पडलाय का बघ आधी.”

पासिंजर म्हणजे चॉकलेटी-क्रीम रंगाचा एकच डबा आणि मागून ढकलणारं इंजिन. या गाडीचा ड्रायव्हर परतीला डब्याच्या पुढच्या टोकाला बसायचा, तिथून दांड्यांनी इंजिनाची वाफ सोडायचा. फायरमन एकटा इंजिनावर. त्यामुळे शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवून पुढे आणायची गरज नाही, वेळ वाचतो. चाळीस मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला साडेतेवीस सेंटिमीटर. भाच्याला ते फार हळू वाटायचं. आता तोच पाहुण्यांना सांगतो, “हळू, पोचायची घाई गाडीला नसते, वेळापत्रकाला असते.”

दुपारी ४.१५

मालगाडी. तीन ठोके. दिवसातलं सगळ्यात अवघड आणि माझं सगळ्यात आवडतं काम. जनावरांचा डबा आधी काढायचा, जिवंत माल ताटकळत ठेवायचा नाही. मग वखारीतले दोन रिकामे बाहेर, तीन भरलेले आत, धक्क्यावरचा बंद डबा तसाच, कारण कार्डावर ‘अजून उतरतोय’ असं आहे. शंटिंगचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर. प्रत्येक जोडणीशी भाचा मनात पाच मोजतो. शंटर काठी घेऊन दोन डब्यांच्या मध्ये वाकला आहे, कडी अडकवतो आहे, तो बाहेर आल्याशिवाय इंजिन हलायचं नाही. फलाटावरच्या माणसांना अंग आहे, पण या शंटरला नाही. तरीही तिघेही त्याच्यासाठी थांबतो.

पाच वाजायच्या पासिंजरला रूळ मोकळा हवा, म्हणून सिग्नलमन पडद्यामागून ठोकतात. मी नकार देते, म्हणजे उत्तरच देत नाही. ते थांबतात. दोन मिनिटांनी पुन्हा एक ठोका. मालगाडी वळणरुळावर गेल्यावर मी स्वीकारते. पासिंजर चार मिनिटं उशिरा, आणि नोंदवहीत कारण लिहिलं जातं: मालधक्क्यावर शंटिंग.

संध्याकाळी ७.००

शेवटची गाडी पोचली. सात-पाच-पाच: केबिन बंद. चहा घेता घेता सिग्नलमनांशी वाद चालतो: शनिवारी बाजाराच्या दिवशी जनावरांची जादा गाडी द्यायची का? ते म्हणतात द्यायची. मी म्हणते, मग मालगाडी सकाळी हलवावी लागेल आणि त्यासाठी शेडमधल्या इंजिनाचा फायरमन दोन तास आधी यायला हवा. भाचा वेळापत्रकाचा कागद उलटा करून नव्याने आखायला बसतो.

मी दोषांची वही उघडते. तिसऱ्या सांध्याची पाती उजवीकडे पुरती चिकटत नाही, स्प्रिंग बदलणे. वखारीच्या रुळाची खडी सुकली का बघणे. पाण्याच्या नळाची साखळी तुटली आहे. बंद डब्याचं कार्ड उलटवणे: उद्यापासून तो रिकामा.