चा-ची-चे एक, इंग्रजीत मात्र अनेक

आपल्या वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शब्द पाठ होतात. घोटाळा होतो तो ऑफ, फॉर, टू, इन या चिमुकल्या शब्दांत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरी कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी बारावी झालेला मुलगा नोकरीचा अर्ज लिहायला बसला, की इथेच अडतो.

कारण आपल्या मराठीतच आहे. रजेचा अर्ज, प्रश्नाचे उत्तर, गणिताची आवड, पगाराची वाढ, पितळखोऱ्याची सहल. पाचही ठिकाणी चा-ची-चे एकटेच काम भागवते. मुले त्याचे सरसकट ‘ऑफ’ करून टाकतात. इंग्रजीत मात्र होते ते असे : अ‍ॅप्लिकेशन फॉर लीव्ह, आन्सर टू द क्वेश्चन, इंटरेस्ट इन मॅथ्स, इन्क्रीज इन पे, ट्रिप टू पितळखोरा. म्हणजे फॉर घ्यायचे की टू, हे मराठी प्रत्यय ठरवत नाही. आधी आलेले इंग्रजी नाम ठरवते. आजाराचे कारण म्हणजे कॉज ऑफ इलनेस, पण गैरहजेरीचे कारण म्हणजे रीझन फॉर अ‍ॅब्सेन्स!

काही नामांना दोन जोडीदार असतात आणि त्यांनी अर्थ बदलतो. आपले संविधानच पाहा. कलम 14 च्या शीर्षकात इक्वॅलिटीनंतर ‘बिफोर लॉ’ आहे, म्हणजे कायद्यापुढे सारे समान. कलम 16 मध्ये ‘ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ आहे, म्हणजे सरकारी नोकरीत संधीची समानता. नाम तेच, पण चिमुकला शब्द बदलला आणि हक्क वेगळा झाला.

आणखी एक खड्डा. डिमांड हे क्रियापद असेल तर ‘वुई डिमांड वॉटर’. मध्ये काही नको. नाम असेल तर ‘अवर डिमांड फॉर वॉटर’. रिक्वेस्टचेही तसेच. इंग्रजीत निवेदन लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग उपाय काय? क्लासला पैसे नसले तरी वही आहे. नाम एकटे लिहू नका, जोडीने लिहा : ‘रीझन फॉर’, ‘आन्सर टू’. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात नामाजवळ त्याचा जोडीदार ठळक छापलेला असतो; जुनी प्रतही चालेल. रोज पाच जोड्या पुरेत.

आई-वडिलांनो, इंग्रजी येत नसले तरी तुम्ही हे करू शकता. मुलाला जोडीखाली मराठी अर्थही लिहायला सांगा. रात्री जेवणानंतर वही हाती घ्या आणि विचारा, “रजेच्या अर्जाचा जोडीदार कोण?” मुलाने ‘फॉर’ म्हटले, की पुढची जोडी विचारा. उद्या अर्ज लिहिताना त्याचा हात अडणार नाही.