साडेसातची आठवी, बाराची पहिली

२० जुलै २०२०, सोमवार. दिव्यांची अवस होती. लोहारा तालुक्यातल्या आमच्या घरी आईनं समया, निरांजनं आणि माळ्यावरचा जुना कंदील चिंचेनं घासून पाटावर मांडला होता. भिंतीवर, पाटाच्या वर हातभर अंतरावर टीव्ही. सकाळी साडेसात वाजता त्या टीव्हीवर आठवीचा वर्ग भरला. मार्चपासून शाळेला कुलूप होतं. पुतणी केस विंचरून, वही-पेन घेऊन, अगदी शाळेत बसतात तशी मांडी घालून बसलेली. आईनं दिव्यांना हळद-कुंकू वाहिलं, वर बघितलं आणि विचारलं, “ह्याला बी लावू का रं?” कुणी नको म्हटलं नाही.

कार्यक्रमाचं नाव ‘टिलीमिली’. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं तयार केलेली ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. प्रत्येक इयत्तेला रोज अर्धा तास, रविवारी सुट्टी. २० जुलैच्या सोमवारी सुरू होऊन २६ सप्टेंबरच्या शनिवारी संपली. दहा आठवडे, साठ दिवस. स्वातंत्र्यदिनाची किंवा गणेशचतुर्थीची रजाही नाही. आठ इयत्ता गुणिले साठ, म्हणजे चारशे ऐंशी भाग. टाळेबंदीच्या दिवसांत, माणसं एकमेकांपासून सहा फूट लांब उभी राहत असताना एवढं चित्रण उरकणं ही गंमत नव्हती.

वेळापत्रक मात्र कुणीतरी घर पाहिलेल्या माणसानं केलं असावं. साडेसातला आठवी, आठला सातवी. मग अर्धा तास मोकळा. नऊला सहावी, साडेनऊला पाचवी, दहाला चौथी, साडेदहाला तिसरी. पुन्हा अर्धा तास मोकळा. साडेअकराला दुसरी आणि बाराला पहिली. थोरली पोरं आधी मोकळी करायची म्हणजे ती रानात जातील, पाणी भरतील, धाकट्यांना सांभाळतील. आमच्याकडे त्या दिवसांत सोयाबीनची खुरपणी चालू होती. आठवीतली पोर आठ वाजता वही मिटून आईबरोबर निघायची. धाकटी मात्र बारा वाजेपर्यंत भुकेनं किंवा झोपेनं पेंगुळलेली असायची. पहिलीतल्या लेकराला सगळ्यात शेवटी बसवणं हा त्या वेळापत्रकातला एकच दोष, आणि तो मी रोज डोळ्यांनी बघितला.

टीव्हीच का, हे शहरात राहणाऱ्यांना सांगावं लागतं. तेव्हा शासनाच्या कागदांवर उस्मानाबाद असलेल्या आमच्या जिल्ह्याचं नाव २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं होतं. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आम्ही. गुरुजी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचे, ते मनापासून पाठवायचे. पण घरात फोन एक, आणि तो भावाच्या खिशात बसून सकाळीच रानात जायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा बॅटरी संपलेली, डेटाही संपलेला. तीन पोरं, तीन इयत्ता, एक फोन. टीव्हीला हे काही लागत नाही. फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याचा रिचार्ज नाही. सह्याद्री तर केबलवरही दिसतं, डिशवरही दिसतं.

आमच्या टीव्हीसमोर दुसऱ्या आठवड्यापासून शेजारची दोन पोरं येऊन बसू लागली. त्यांच्या घरचा टीव्ही चांगला होता, पण रिमोट आजोबांच्या ताब्यात, आणि आजोबांना सकाळी कीर्तन लागायचं. त्या काळात घोळका करायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती पोरं उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर बसून खिडकीतून बघायची. पाऊस आला की डिशचा सिग्नल जायचा, आणि पाऊस नसला तर लाइट जायची. “काका, लाइट गेली!” ही हाक मी त्या दहा आठवड्यांत किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. डीपी जळाल्यावर सलग तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांतलं चौथीचं गणित कुठं गेलं, ते त्या पोरालाच माहीत. भाग नंतर यूट्यूबवरही आले, पण ते पाहायला पुन्हा तोच फोन.

दूरदर्शनवरची शाळा आपल्याकडे नवी नाही, आणि तिची एक जुनी घंटा आमच्या अगदी वेशीबाहेर वाजली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे वर्षभर इस्रोनं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरदर्शन पोहोचवलं. प्रयोगाचं नाव ‘साइट’. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते, आणि आमच्या उमरग्याची हद्द गुलबर्ग्याच्या आळंद तालुक्याला लागते. एका बाजूच्या खेड्यात कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेची तीन मीटरची छत्री, तिच्याखाली सगळ्या गावाचा मिळून एक टीव्ही. दुसऱ्या बाजूच्या खेड्यात काहीच नाही. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी. तो हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषांत वाटलेला, म्हणजे एकेका भाषेला साडेबावीस मिनिटं. संध्याकाळी शेती, आरोग्य आणि करमणूक. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्रही उभं राहिलं. मराठी टीव्ही तेव्हा मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू होता, पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दिसायचा. मराठवाड्याला त्याची फक्त वर्तमानपत्रातली वर्णनं. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’बद्दल आमच्या वडिलांनी ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

यातला एक धागा विलायतेतला आहे. पृथ्वीभोवती तिच्याच वेगानं फिरणारे उपग्रह सगळ्या जगाला प्रक्षेपण पुरवू शकतील, असं १९४५ साली लिहून ठेवलं ते आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकानं. ‘साइट’च्या दिवसांत ते श्रीलंकेत राहत होते. इस्रोनं त्यांच्या कोलंबोच्या घरी छत्री नेऊन बसवली आणि त्यांची कल्पना त्यांनाच टीव्हीवर दाखवली. शाळेसाठी टीव्ही हा उद्योगही ब्रिटनमध्ये जुनाच. १९५७ च्या मे महिन्यात तिथल्या खासगी आयटीव्हीनं आणि सप्टेंबरात बीबीसीनं तो सुरू केला. बीबीसीच्या त्या जुन्या शाळा-कार्यक्रमांतली एक गोष्ट मला फार आवडते. कार्यक्रमाआधी मिनिटभर पडद्यावर नुसतं ठिपक्यांचं कडं दिसायचं आणि एकेक ठिपका नाहीसा होत जायचा. तेवढ्या वेळात बाईंनी पोरांना गप्प करायचं, पडदे ओढायचे, वह्या बंद करायला लावायच्या. म्हणजे टीव्हीशेजारी एक बाई उभ्या आहेत, हे कार्यक्रम करणाऱ्यानं धरूनच चाललेलं. त्यांच्या हातात त्या कार्यक्रमाची छापील पुस्तिकाही असायची.

आमच्याकडे ती बाई नव्हती, कपाट होतं. ३० ऑगस्ट १९८३ ला इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला आणि २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली. शाळेसाठी कार्यक्रम करणाऱ्या अशा संस्था देशात सहाच, त्यांतली एक महाराष्ट्राची. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी तिनं हजारो छोटे कार्यक्रम केले. तिचं शीर्षकगीत माझ्या वयाच्या माणसाला आजही झोपेतून उठवून विचारा, येतं. मी ज्या शाळेत होतो तिला सरकारी योजनेतून टीव्ही मिळाला. शाळेचं नाव घेत नाही. टीव्ही लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली हेडसरांच्या करगोट्याला म्हणा ना! बाहेर कधी निघायचा? क्रिकेटचा सामना असला की. एकदाच, पाचवीत असताना, सरांच्या लहरीनं तो बालचित्रवाणीच्या वेळेला निघाला. एक पोरगा छपरावर, एक खिडकीत, एक टीव्हीपाशी. “आलं का?” “मुंग्याच हायेत!” “आता?” “आवाज आलाय, चित्र न्हाई!” चित्र आलं तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. एक कठपुतळी हात हलवून निरोप घेत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. कळंब-वाशीकडची पोरं पुढे अंबाजोगाईच्या टॉवरकडे अँटेना करून बरं चित्र बघू लागली, आमच्याकडे मुंग्याच जास्त. १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी आलं. तो टीव्ही कुठं गेला, कुणालाच आठवत नाही.

बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. पैसा नाही, यंत्रं जुनी, आता इंटरनेट आहे, अशी कारणं. तीन वर्षांनी शाळा बंद पडल्या तेव्हा जे लागलं ते नेमकं हेच होतं: मराठीत, पाठ्यपुस्तकाला धरून, मुलांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम करता येणारी माणसं आणि जागा. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. घरची विहीर बुजवून टँकरची वाट बघणं आम्हा दुष्काळी मुलखातल्या लोकांना चांगलं ओळखता येतं.

‘टिलीमिली’ करणाऱ्यांनी एक शहाणपणा दाखवला. टीव्हीवर फळा लावून तास घेतला नाही. पुस्तकातला धडा धरला, पण साधनं घरातली आणि परिसरातली; मुलानं बघत बसायचं नाही, उठून करायचं. आता हे करायला मदतीला कोण? गुरुजी नाहीत. आई-बाप रानात. उरली आजी. बीबीसीच्या ठिपक्यांच्या कड्यापाशी ज्या बाई उभ्या असायच्या, त्यांच्या जागी आमच्या घरात माझी आई बसली होती. तिला सही येते, वाचता येत नाही.

एका सकाळी साडेदहाला चौथीचा भाग संपला आणि पुतण्यानं तिला विचारलं, किलो नव्हता तेव्हा ज्वारी कशी मोजायचे? आई उठली, कोठीच्या खोलीत गेली आणि कणगीमागून मापं घेऊन आली. दोन लाकडी, बाकीची पत्र्याची, एकाला डाग दिलेला. ओट्यावर तिनं ती उतरत्या क्रमानं मांडली: पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, आणि सगळ्यात छोटं निळवं. मग निळव्यानं ज्वारी घेऊन कोळव्यात टाकायला लावली. दोन निळव्यांत कोळवं भरलं. दोन कोळव्यांत चिपटं. दोन चिपट्यांत मापटं. पोरगा मोजता मोजता थांबला. “आजे, समदं दुप्पटच हाय की!” शेजारची दोन पोरं खिडकी सोडून कधी ओट्याच्या कडेला आली, कळलं नाही. पायलीत निळवी किती बसतील, यावर पैज लागली. चौसष्ट. पुतण्यानं ते मोजून नाही, दुप्पट-दुप्पट करत तोंडी काढलं. टीव्हीवर तिसरीचा भाग चालू होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला लंडनहून एक बातमी आली. ब्रिटिश टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा असलेल्या स्टीफन फ्राय यांनी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर केलं, आणि नाव आलं ते शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे म्हणून त्यांचा गौरव झाला. आमच्या ओट्यावरही आनंद झाला. पुतणीनं पुस्तकातला तो चौकोन शोधून काढला आणि फोनची वाट बघत बसली. फोन रानात होता.

ब्रिटनमध्येही शेवटी साध्या टीव्हीकडेच यावं लागलं, हे सांगितलं पाहिजे. पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, बीबीसीनं रोजचे धडे सुरू केले, पण ते मुख्यतः आयप्लेअर आणि रेड बटनवर. दुसऱ्यांदा शाळा बंद झाल्या तेव्हा ११ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या सीबीबीसी वाहिनीवर सकाळी नऊपासून तीन तास प्राथमिकचे वर्ग आणि बीबीसी टूवर दोन तास माध्यमिकचे. ज्या घरांत नेट नाही त्यांच्यासाठी. श्रीमंत देशातही अशी घरं होती. त्यांच्याकडे १९५७ पासूनचा साठा होता, करणारे हातही तिथंच होते. म्हणून आठवड्याभरात ते उभं राहिलं.

आमच्या जिल्ह्यात टीव्हीच्या शाळेनं किती मुलं शिकवली, हे मी सांगणार नाही. तीन पोरांचं सांगू शकतो. थोरलीच्या वहीत साठांपैकी एकेचाळीस दिवसांच्या नोंदी आहेत, तारखेसह. मधल्याची वही निम्मी कोरी आहे, पण त्याला मापं येतात. धाकटीनं वही केलीच नाही. तिला ते कार्यक्रम आवडायचे, कारण त्यांत तिच्याएवढी मुलं दिसायची आणि चार महिन्यांत तिला नवीन मूल दुसरं कुठं दिसलंच नव्हतं.

२६ सप्टेंबरला साडेबारा वाजता पहिलीचा साठावा भाग संपला. सोयाबीन काढायला आलं होतं, घरातले सगळे रानात. टीव्ही बंद करायला धाकटी एकटीच होती. खऱ्या वर्गात ती पहिल्यांदा बसली डिसेंबर २०२१ मध्ये. तेव्हा ती दुसरीत होती.